खाडीकाठची जलपर्णी: आधी पाण्याचा खारेपणा मोजा, मग दाताळं उचला

देशावरच्या तलावातली जलपर्णी आणि कोकणातल्या खाडीकाठच्या तळ्यातली जलपर्णी, वनस्पती एकच. पण तिला हटवायची रीत एक नाही. पुण्या-नाशिकच्या नदीकाठी जे नाही ते खाडीकाठी आपल्या हाताशी असतं: समुद्राचं पाणी. जलपर्णीला मीठ सोसत नाही. तरीही दरवर्षी गावोगावी मंडळं एकत्र येतात, दोन-चार रविवार राबतात, तळं मोकळं करतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ते पुन्हा हिरवंगार होतं. माणसं मेहनतीत कमी पडत नाहीत. कामाचा क्रम चुकतो. खाडीकाठचं, खाजणातलं (भरतीचं पाणी चढतं अशा सखल जमिनीतलं) किंवा खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आतलं तळं साफ करायचं असेल, तर कोणतं काम कधी आणि कसं करावं ते इथे सविस्तर मांडतो आहे. हे ग्रामपंचायतीसाठी आहे, मच्छीमार संस्थांसाठी आहे, आणि हाताने काम करणाऱ्या पोरांसाठी तर आहेच.

वनस्पती नीट ओळखा

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेची म्हणून बंगालमध्ये आली आणि काही दशकांतच तिथल्या नद्या तिनं भरून टाकल्या. १९३६ साली बंगालला तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडे तिला केंदाळ असंही म्हणतात.

एक झाड उपटून हातात घ्या. देठ मधोमध फुगलेला असतो. तो आडवा कापलात तर आत पांढरट, हवेनं भरलेली जाळी दिसते. झाड तरंगतं ते त्या हवेवर. खाली काळसर-जांभळ्या मुळ्यांचा झुपका लोंबतो आणि बाजूनं एक आडवी दांडी निघून तिच्या टोकाला पुढचं पिल्लू लागलेलं असतं. उबदार आणि घाण मिसळलेल्या पाण्यात एकाची दोन व्हायला एक-दोन आठवडे पुरतात. फूल फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर पिवळा डोळा. फूल कोमेजलं की अख्खा तुरा खाली वाकतो आणि पाण्यात शिरतो. बी तिथेच पिकतं आणि तळाच्या गाळात जाऊन बसतं. ते गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. हा वाकलेला तुरा प्रत्येक काम करणाऱ्याला एकदा तरी पाण्यात हात घालून दाखवा. काढणी फुलाआधी का करायची, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

तिच्यासोबत आणखी काही मंडळी असतात. गोंडाळ, म्हणजे कोबीच्या छोट्या गड्ड्यासारखी दिसणारी. साल्विनिया, म्हणजे जोडीजोडीनं लागलेली दुमडलेली पानं, पानांवर बारीक केसांची लव, पाणी टाकलं तर थेंब घरंगळून जातो. साल्विनियाची त्रास देणारी जात बी धरत नाही, नुसत्या तुकड्यावर वाढते. म्हणून ती काढताना एकही तुकडा मागे राहता कामा नये. मात्र एकदा पूर्ण गेली की गाळातून परत येत नाही. जलपर्णीचं असं नाही.

आता काय काढायचं नाही ते. कुमुदिनी, कमळ, काठावरचं पाणकणीस, खाडीच्या बाजूची तिवरं, कांदळ, चिपी, काटेरी पानांची मारांडी, आणि वाळूवर पसरलेली मर्यादवेल. मर्यादवेलीचं फूल बांधावरच्या बेशरमीच्या फुलासारखंच दिसतं, दोन्ही एकाच कुळातल्या. पण मर्यादवेल जमिनीसरपट धावते आणि तिचं पान टोकाला दुभंगलेलं असतं. बेशरम उभं झुडूप आहे, पान बदामी. एकीनं किनाऱ्याची वाळू धरून ठेवली आहे, दुसरी परदेशातून आलेली आहे. उत्साहाच्या भरात दोन्ही उपटलेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्याचं वाईट वाटतं.

पाण्याचा हिशेब

हे काम सगळ्यात आधी, आणि नेमकं हेच टाळलं जातं.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाण्यातलं मीठ लिटरला दोन-अडीच ग्रॅमच्या पुढे गेलं की जलपर्णीची वाढ खुंटते, पानांच्या कडा करपतात. ते सहा ते आठ ग्रॅमवर पोचून तिथेच टिकलं तर ती मरते. गोंडाळ तर याहून कमी मिठात मान टाकतं. म्हणजे समुद्राच्या पाण्याचा चौथा-पाचवा हिस्सा मिसळला तरी पुरे.

खारेपणा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी मिळणारा पेनासारखा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, चालतो. त्यावर १००० आकडा आला म्हणजे लिटरला सुमारे एक ग्रॅम क्षार. बहुतेक स्वस्त मीटर दहा हजाराच्या आसपास थांबतात, पण आपल्याला त्याच्या पुढचं मोजायचंच नाही. कोळंबी तलाववाल्यांकडे रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून खारेपणा दाखवणारं उपकरण) असतो, तो मागून आणला तर उत्तमच.

मोजताना तीन गोष्टी पाळा. एक, वरचं पाणी आणि तळाचं पाणी वेगवेगळं मोजा. खारं पाणी जड असतं, ते खाली बसतं. तळाशी दहा ग्रॅम आणि वर अर्धा ग्रॅम असं सर्रास आढळतं, आणि जलपर्णीच्या मुळ्या वरच्या थरात लोंबत असतात. तळाच्या आकड्यावर खूश होऊन उपयोग नाही. तळाचं पाणी घ्यायला वजन बांधलेली बाटली बुचासकट खाली सोडायची आणि बुचाला बांधलेली दोरी ओढायची. दोन, उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला), दोन्ही वेळा मोजा. तीन, ऑक्टोबर ते मे दर महिन्याला मोजा. पावसाळ्यात खाडीच्या टोकाला पाणी जवळजवळ गोडं असतं आणि मे महिन्यात तिथेच चूळ भरवत नाही. तुमच्या तळ्यात या चक्रातलं कितपत पोचतं, हे त्या आठ महिन्यांच्या आकड्यांतून कळेल.

या आकड्यांवर एवढा भर का, त्याला दोन मोठे दाखले आहेत. केरळात वेंबनाड सरोवराच्या काठी, समुद्रसपाटीहून खाली असलेलं कुट्टनाड आहे. उन्हाळ्यात खारं पाणी आत येऊन भात बिघडू नये म्हणून तिथे सत्तरच्या दशकात तण्णीरमुक्कमचा बंधारा बांधला. भाताला आधार मिळाला. पण दर उन्हाळ्यात आत शिरणारं मीठ तरंगत्या तणांचा काटा काढत होतं, ते थांबलं. बंधाऱ्याच्या आतले कालवे तणांनी भरले, मासे कमी झाले, आणि दारं कधी उघडायची यावरून शेतकरी आणि मच्छीमार यांच्यात वाद सुरू झाला तो अजून चालू आहे. दुसरा दाखला ओडिशाच्या चिल्का सरोवराचा. समुद्राकडचं मुख गाळानं अडत गेलं, पाणी गोडं होत गेलं, तणं माजली. १९९३ साली चिल्का धोक्यातल्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. २३ सप्टेंबर २००० रोजी समुद्राकडे नवं मुख उघडलं, खारेपणा परतला, गोड्या पाण्यातली तणं मागे हटली, मासळी वाढली आणि २००२मध्ये चिल्का त्या यादीतून बाहेर आलं. एवढं मोठं सरोवर हातानं कोणी साफ करू शकलं नसतं.

उघाडी उघडायची का?

आपल्याकडे खारबंदिस्तीला उघाडी असते, गोव्यात मानस. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला दार आपोआप मिटायचं, अशी तिची जुनी रचना. ती मुद्दाम उघडी ठेवली तर उधाणाचं पाणी आत घेता येतं. गोव्याच्या खाजणांत भाताच्या कापणीनंतर मासळीसाठी खारं पाणी आत घेण्याची वहिवाट जुनीच आहे.

पण हे एकट्यादुकट्यानं ठरवायचं काम नाही. आत कोणी वायंगणी (उन्हाळी) भात किंवा भाजी करत असेल, तळ्याचं पाणी जनावरं पीत असतील, किंवा शंभर-दोनशे पावलांवर पिण्याची विहीर असेल, तर खारं पाणी आत घेऊच नका. एकदा विहीर मचूळ झाली की गाव तुमचं तोंड बघणार नाही, आणि ते बरोबरच असेल. शेतकऱ्यांची आणि मच्छीमारांची एकत्र बैठक घ्या, ग्रामसभेत ठराव करा, खारभूमी विकास विभागाच्या स्थानिक कार्यालयाला कळवा. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. जमीन पुन्हा कितपत धुतली जाईल, हा प्रश्न तिथे जरूर विचारा.

सगळ्यांची संमती असेल तर वेळ निवडा फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या उधाणाची. आधी आतलं गोडं पाणी ओहोटीला जमेल तितकं काढून टाका, नाहीतर खारं पाणी खाली आणि गोडं वर असे दोन थर होतात आणि जलपर्णी मजेत राहते. मग लागोपाठच्या भरत्यांना पाणी घ्या. वरच्या थरात सहा ग्रॅमच्या वर आकडा किमान दोन-तीन आठवडे टिकला पाहिजे. मे अखेर पाणी सोडून द्या, पुढचं काम पाऊस करतो.

आणि मेलेली जलपर्णी बाहेर काढा. मीठ दिलं म्हणजे काम संपलं असं धरून तिला तिथेच कुजू दिलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात आणि दोन दिवसांत मरतात. खरं तर शहाणपण उलट क्रमात आहे: आधी हातानं जास्तीत जास्त काढा, उरलेल्याला मीठ द्या.

परवानगी आणि हंगाम

तळं कोणाच्या मालकीचं आहे ते सातबाऱ्यावर बघा. खाडीलगत काम असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. खारफुटी जवळ असेल तर कांदळवन कक्षाला किंवा वन विभागाला आधी लेखी कळवा. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ साली खारफुटीभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण दिलं आहे. तिथे जेसीबी नेऊन वाट करणं म्हणजे जलपर्णी काढायला जाऊन गुन्हा ओढवून घेणं.

हंगाम पक्ष्यांना विचारून ठरवा. जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी पावसाळ्यात तरंगत्या वनस्पतींवरच घरटी करतात, तेव्हा जून ते सप्टेंबर तरंगत्या थराला हात लावू नये. हिवाळी पाहुणे मार्चपर्यंत असतात. म्हणून मोठी काढणी मार्चअखेर ते मे. तेव्हा तळंही आटून लहान झालेलं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छोटी फेरी मारायची, फक्त नव्या रोपांसाठी आणि फुलू लागलेल्या झाडांसाठी.

काढणी

आवक बंद केल्याशिवाय काढणी सुरू करू नका. उल्हास नदीत कल्याणच्या वर साठलेली जलपर्णी पावसाळ्यात वाहत खाडीत उतरते. तसंच छोट्या प्रमाणावर प्रत्येक ओढ्यात घडतं. तळ्यात येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी आडवी दोरी बांधा, दोरीला रिकामे प्लास्टिकचे कॅन आणि खाली हातभर रुंद जुनं मासेमारीचं जाळं. जाळं तळापर्यंत नेऊ नका, मासे अडकतात. तसाच अडसर बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशीही बांधा, म्हणजे तुमची घाण खालच्या गावाला जाणार नाही.

मग वाऱ्याचा उपयोग करून घ्या. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो आणि सगळा तरंगता थर पूर्वेच्या काठाला लावून देतो. दुपारी वारा भरला की थरामागून दोरी फिरवून तो तिथेच कोंडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला असताना काठावरून ओढून काढा. होडीनं तळंभर फिरून एकेक पुंजका वेचण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं.

थर जाड असेल तर कोयत्यानं त्याचे खाटेएवढे तुकडे पाडा आणि दाताळ्यानं ओढा. झाडं बारीक चिरू नका. तुटलेली प्रत्येक कोंब असलेली दांडी नवं झाड होते. काठावर आणल्यावर मुळ्यांचा झुपका पाण्यावरच झटका. त्यात कोळंबीची पिल्लं, गोगलगायी, लहान मासे लपलेले असतात, ते परत पाण्यात जातील. मागे दोघांनी चाळणीच्या जाळ्या घेऊन सुटलेले तुकडे वेचत राहायचं. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून ते सर्वात भरवशाच्या माणसाला द्या.

वजनाचा अंदाज आधी घ्या. दाट वाढलेल्या जलपर्णीचं ओलं वजन हेक्टरी २०० ते ४०० टन भरतं. म्हणजे दहा गुंठ्यांच्या तळ्यातून २० ते ४० टन. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी. काठावर दोन दिवस निथळू दिलं तर ट्रॅक्टरच्या खेपा बऱ्याच वाचतात.

अंगाची काळजी: गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच, कारण उंदरांच्या मुतानं लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि खरचटलेल्या त्वचेतून तो आत शिरतो. थराखाली खोली दिसत नाही, म्हणून बांबूनं चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि पोहता न येणाऱ्याला पाण्यात उतरवू नये. थरात साप असतात, आधी बांबू आपटा, त्यांना निघून जायला वेळ द्या.

काढलेल्या ढिगाचं काय करायचं

एक गोष्ट पक्की: ढीग खाडीच्या बाजूला टाकायचा नाही. तिवरांच्या भोवती चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं दिसतात, झाड त्यांतून श्वास घेतं. त्यांच्यावर ओला ढीग पडला की तिवर गुदमरतं. भरतीच्या रेषेच्या आत तर नकोच.

फुलाआधी काढलेला माल खताला चांगला. यवतमाळच्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत इथे छान बसते: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भोकं ठेवून बांधलेलं विटांचं टाकं, त्यात सुकवलेली जलपर्णी, शेणकाला आणि माती यांचे थर. साडेतीन-चार महिन्यांत खत होतं. बी धरलेला माल मात्र नाडेपमध्ये टाकू नका. त्याचा मोठा ढीग करा, शेण मिसळा, प्लास्टिकनं झाका आणि आठवड्याला उलथा. आतली उष्णता ५५-६० अंशांवर काही दिवस टिकली तर बी मरतं. लोखंडी सळई ढिगाच्या पोटात अर्धा तास खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर ती हातात धरवली नाही, तर ढीग तापला आहे.

तळ्यात कारखान्याचं सांडपाणी येत असेल तर हे खत भाजीला घालू नका, जनावरांनाही चारू नका. जलपर्णीची मुळं जड धातू शोषून साठवतात.

भुंगे आणि औषधं

दक्षिण अमेरिकेत जलपर्णीला आवरणारे भुंगे आहेत, नियोकेटिना नावाचे. बंगळूरच्या संशोधकांनी ते ऐंशीच्या दशकात भारतात आणून, इतर पिकांना धोका नाही हे तपासून सोडले. पानावर ज्वारीच्या दाण्याएवढे, खरवडल्यासारखे फिकट डाग दिसले तर ते तुमच्या तळ्यात आधीच आहेत असं समजा. परिणाम दिसायला दोन-तीन वर्षं लागतात. आणि हातानं सगळी जलपर्णी काढलीत तर त्यांचं अन्नही जातं. ज्या कोपऱ्यात माणूस पोचत नाही तिथे त्यांना राहू द्या. साल्विनियावर मात्र सायर्टोबेगस हा भुंगा फार प्रभावी ठरला. केरळ कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी तो १९८३च्या सुमारास सोडल्यावर कुट्टनाडचे अडलेले कालवे मोकळे झाले.

तणनाशकाला माझा स्पष्ट विरोध आहे. फवारलेली जलपर्णी जागीच बुडते, कुजते, पाणी सडवते, आणि तिचं खत आपसूक पुढच्या पिढीच्या रोपांना मिळतं. खाडीकाठी औषध ओहोटीबरोबर तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) चिखलात आणि खारफुटीत जातं. ग्लायफोसेटचा वापर तर २०२२पासून केंद्र सरकारनं परवानाधारक कीडनियंत्रकांपुरताच ठेवला आहे.

बांधावरची बेशरम

तळं साफ करताना बांधही बघा. बेशरमीची फांदी ओल्या मातीला टेकली की मूळ धरते, म्हणून ती नुसती तोडून काठावर टाकली तर एकीच्या दहा होतात. पावसानंतर माती मऊ असताना मुळासकट उपटा, उंच कोरड्या जागी मुळं वर करून वाळवा. शेळ्यांना ती विषारी आहे. बांधाला भोक पडेल तिथे लगेच माती भरा, उधाणाला तेच भोक मोठं होतं.

पुढची वर्षं

काढणीनंतरचे पहिले तीन महिने सर्वात मोलाचे असतात. तळं आटलं की गाळ उघडा पडतो, त्यावर ऊन पडतं आणि जुनं बी रुजतं. पहिल्या पावसानंतर काठावरच्या चिखलात बोटाएवढी, गवतासारखी अरुंद पानं दिसतील. फुगीर देठ अजून आलेला नसतो, म्हणून लोक त्यांना गवत समजून सोडून देतात. ती तेव्हाच खुडली तर एका माणसाचं सकाळचं काम, ऑगस्टपर्यंत ठेवली तर पुन्हा ट्रॅक्टर.

ज्या तळ्यात गटार, गोठ्याचं पाणी किंवा शेतातलं युरियाचं पाणी येतं, तिथे ही फेरी जन्मभर मारावी लागेल. म्हणून एका वर्षी काढणीचे निम्मे पैसे गटार वळवायला आणि शोषखड्डे घ्यायला वापरा. येणारं पाणी काठावरच्या पाणकणसाच्या पट्ट्यातून जाऊ द्या, ते बरंच खत तिथेच खाऊन टाकतं.

एक वही ठेवा. तिच्यात दर महिन्याला पाचच गोष्टी: तारीख, वरच्या आणि तळाच्या पाण्याचा खारेपणा, एकाच जागेवरून काढलेला फोटो, किती झाडं दिसली, त्यांतली किती फुलावर होती. वही शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांकडे द्या आणि मीटरही त्यांनाच वापरू द्या. फुलावरच्या झाडांचा रकाना लागोपाठ दोन वर्षं शून्य राहिला की मोठी काढणी थांबवून फक्त जूनची आणि ऑक्टोबरची फेरी चालू ठेवा.